भट्टीनंतरचं माप

पत्र चार ओळींचं होतं.
कार्ब्युरेटर बंद, पुढच्या तिमाहीपासून स्प्रिंग नको.
खाली सही, सहीखाली शिक्का,
शिक्क्याखाली आमची एकतीस वर्षं.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
शेजारच्या शेडची केव्हाच काचेची इमारत झाली.
दुपारनंतर तिच्यावर आपटून
आमच्या खिडकीत येतं
फुकटचं दुसरं ऊन.

दलाल शुक्रवारी येतो, वीज बंद असते तेव्हा.
मशिनं गप्प असली की त्याचा आवाज मोठा वाटतो.
"गुप्तेसाहेब, भाडं खा घरी बसून.
या वयात नवीन काय शिकणार?"
मी त्याला चहा पाजतो.
खरं सांगायचं तर तो गेल्यावर
पाठकोऱ्या चलनावर हिशेबही करतो.
अकरा माणसं. तीन दिवसांचं काम.
वैतींच्या धाकटीचं लग्न माघात.

मग नेरुळहून एक डॉक्टरीण आल्या.
रुमालात बांधलेली परदेशी स्प्रिंग टेबलावर ठेवली.
लकवा झालेल्या हाताची मूठ
हळूहळू उघडायची पट्टी असते, तिच्यातली.
"अशी जमेल?"
मी हो म्हणालो.
का म्हणालो, देव जाणे. स्टेनलेसची तार
आम्ही जन्मात गुंडाळली नव्हती.

पहिले नमुने परत आले. दुसरे परत.
सातव्यांदा पाकीट आलं तेव्हा
गोपीनाथ वैती, ज्यांच्या अंगठ्याला
कधी मायक्रोमीटर लागला नाही,
ते न उघडताच म्हणाले, "तार खराब आहे."
मीही म्हणालो, तार खराब आहे.
तारवाला म्हणाला, तुमची भट्टी खराब आहे.
एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं
की चूक दुसरीकडे आहे.

नसीमा तुंगेकर, राबोडीची, आयटीआय झालेली,
आम्ही तिला पॅकिंगला बसवलं होतं.
टेप फाडता फाडता तिने विचारलं,
"भट्टीतून निघाल्यावर कोण मोजतं?"

कोणीच नाही.
भट्टीत स्प्रिंग आक्रसते,
म्हणून आधीच केसभर मोठी गुंडाळायची,
हे दादांनी वैतींना सांगितलं, वैतींनी सगळ्यांना.
ठाऊक आहे ते मोजायचं कशाला?

तिने मोजलं. पुन्हा मोजलं.
ही तार आक्रसत नव्हती.
ही फुलत होती.

वैती काही बोलले नाहीत.
साबणाने हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ,
आणि सुटीआधीच गेले.
मला वाटलं, आता येत नाहीत.
सकाळी आले ते चौकटीची वही घेऊन,
तिच्यापुढे ठेवून म्हणाले,
"तू आकडे सांग. मी लिहितो."

घरी मी हे सांगायला लागलो
तशी बायको म्हणाली, एक करा,
दाबलं की माणूस उसळतो, असलं काही बोलू नका.
नाही बोलत.
दाबून ठेवलेली स्प्रिंग पुष्कळदा
दाबलेलीच राहते, उंची हरवून बसते.
आमच्यात त्याला सेट बसणं म्हणतात.
मी बसत आलो होतो.

परत आलेले नमुने आता फेकत नाही.
बिस्किटाच्या डब्यात आहेत, तारीखवार.
कोणाला रागवायचं झालं
तर आधी डबा उघडायचा, असा नियम केलाय;
तो सगळ्यात जास्त मीच मोडतो.

चौदाव्या पाकिटातल्या चार पास झाल्या.
विसातल्या चार.
अकरा माणसांचा पगार त्यातून निघत नाही,
हे मला कळतं, बँकेला त्याहून जास्त.

काल शुक्रवार. वीज नव्हती, सुटी होती,
तरी दोघं खिडकीशी बसली होती
शेजारच्या काचेच्या उन्हात,
ती डोळा बारीक करून माप वाचत,
ते चष्मा कपाळावर सारून लिहीत.
दलाल दारातच म्हणाला, "मग, काय ठरलं?"

वैतींनी मान वर केली नाही.
"थांबा जरा," म्हणाले,
"आकडा चुकेल."